भर दुपारचं समालोचन

माझ्या हवालदाराच्या पायात बूट घातले, इथपर्यंत मी सोसलं. त्याला मोटरसायकलवर बसवलेला पाहिला, तेव्हा मात्र तोंडातला खिमा भरलेला एम्पानादा तोंडातच राहिला. तो पुढे गिळला की थुंकला, हे मला आजतागायत आठवत नाही.

आमच्या सांतियागो प्रांताच्या बाजूचा पेपर ज्यांनी कधी उलगडला नसेल त्यांना एवढंच सांगतो. हवालदार सोसिएगो हा माझा माणूस. दर रविवारी मागच्या पानावर, चार चौकटींत. त्याची नोकरी एकच: दुपारी गाव झोपलं की आवाज करणाऱ्याला धरायचं. मग तो सुऱ्यांना धार लावणारा असो, नव्यानं कर्णा शिकणारा असो, नाहीतर वेळ चुकलेला कोंबडा. आणि आपल्याच पावलांनी कुणी उठू नये म्हणून हा बाबा बूट हातात घेऊन तापल्या फुफाट्यातून अनवाणी चालतो. टाचा भाजतात, मिशी घामानं ओघळते, पण हूं नाही की चूं नाही. राजधानीतल्या लोकांनी त्याच्यावर चित्रपट काढला, आणि पहिल्याच दृश्यात तो धूर सोडत, फटफट करत गावात शिरतो. सायलेन्सर काढलेला. भर दुपारी.

चौथ्या चौकटीखाली दोन ओळींचं गाणं असायचं. ते देओलिंदाचं. देओलिंदा म्हणजे माझी बायको. पीठ मळता मळता ती दोन ओळी गुणगुणायची, मी त्या कोळशाच्या पेन्सिलीनं पिठाच्या पिशवीवर उतरवून घ्यायचो, आणि सोमवारी बसनं पेपरकडे पाठवायचो. पेपरात तिचं नाव कधी आलं नाही. चौकटीत जागा नाही, असं संपादक म्हणायचे, आणि स्वतःचं नाव मात्र पानभर रुंद छापायचे. चित्रपटवाल्यांनी तर गाणीच गाळली. देओलिंदा म्हणाली, “बरं झालं. माझं काय अडलंय.” एवढं बोलून तिनं पातेलं चुलीवर ठेवलं. ज्या आवाजात ठेवलं त्यावरून मला कळलं की बरंच अडलंय.

अशा दुखऱ्या दिवसांत कंपनीतून सेन्योरिता लुक्रेसियाचा फोन आला.

“उस्ताद, चित्रपटाची डिस्क निघतेय. तिच्यात तुमचं समालोचन हवंय.”

“फुटबॉलसारखं?”

“तसंच समजा. चित्रपट लावायचा, पुढ्यात माइक ठेवायचा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलत राहायचं. हे कसं सुचलं, ते कसं घडलं. बघणाऱ्यानं बटण दाबलं की नटांऐवजी तुमचा आवाज येणार.”

“काहीही बोललं तर चालेल?”

“काहीही. फक्त एका दमात, आणि जागा शांत पाहिजे. शुक्रवारपर्यंत नाहीच जमलं तर काळजी करू नका. आपला नायक आहे, तो बोलेल.”

नायक म्हणजे तोच, फटफटीवाला. त्यानं एका मुलाखतीत सांगितलं होतं की चित्रकथा त्यानं मुद्दामच वाचली नाही, कारण हवालदार त्याला स्वतःच्या आत सापडायला हवा होता. सापडला तो फटफटीसकट.

मी फोन ठेवला आणि जागच्या जागी ठरवलं. बोलायचं. सगळं बोलायचं. बूट, फटफटी, काहीएक सोडायचं नाही. आणि अगदी शेवटी, जिथं संगीत थांबतं आणि नुसता रस्ता दिसतो, तिथं सावकाश, स्पष्ट, साऱ्या देशाला ऐकू जाईल असं सांगायचं की ह्या हवालदाराची गाणी देओलिंदा पाएसची आहेत. फटफटीवाल्याच्या हाती माइक गेला तर हे नाव कायमचं बुडालं.

देओलिंदाला मी ह्या शेवटाचं काही बोललो नाही. सांगितलं असतं तर तिनं नको म्हटलं असतं, आणि ती एकदा नको म्हणाली की आमच्या घरात फेरविचाराची सोय नाही.

आता शांत जागा. आमचं तुस्काल गाव शांत असतं ते फक्त दुपारी, जेवणं झाल्यापासून उन्हं कलेपर्यंत. पण तेव्हा ते असं शांत असतं की त्या वेळी कुणाच्या घराला आग लागली तर घरमालक बादल्यासुद्धा अलगद टेकवतो. अशा वेळी मोठ्यानं बोलायचं कसं? तेही मी? ज्याच्या हवालदारानं तीस वर्षं गावाला ओठांवर बोट ठेवायला शिकवलं, त्यानं?

म्हणून मी कुजबुजायचं ठरवलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कपाटात बसलो. पाठीशी गादी उभी केली, डोक्यावर देओलिंदाचे हिवाळी कोट, मांडीवर छोटा टीव्ही. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. आमच्याकडच्या जानेवारीत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पंखा बंद करून कपाटात बसणं हे काम आजवर फक्त पावांनी केलेलं आहे, आणि त्यांनाही त्यासाठी मुद्दाम भट्टी बांधून दिलेली असते. त्यात डांबराच्या गोळ्या. मी दर दृश्याला शिंकत होतो, आणि शिंक दाबायला तोंडात कोटाची बाही घेत होतो. शेवटचं दृश्य यायच्या आत मला कोटांमागे एक नदी दिसायला लागली. देओलिंदानं दार उघडलं नसतं तर मी पोहलोही असतो.

तिनं मला बाहेर ओढलं, डोक्यावर तांब्या रिकामा केला आणि ध्वनिमुद्रण थोडं ऐकलं.

“म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “हे तू पाद्रीबाबांना सांगतोयस का? काय पाप केलंयस तेवढंच कळत नाहीये.”

तरी मी ते पाठवलं. दुसऱ्या दिवशी लुक्रेसियाचा फोन.

“उस्ताद, तुमचा शब्द कळत नाही. आणि मागं कसलं तरी यंत्र चालू आहे. करवतीसारखं.”

“यंत्र नाही. ते कोयुयो आहेत. किडे. अंगणातल्या अल्गारोबोवर बसून गातात, म्हणजे झाडाच्या शेंगा पिकतात.”

“ते थोडा वेळ बंद करता येतील?”

“सेन्योरिता, ते बंद झाले तर आमच्या जिल्ह्यात शेंगा हिरव्या राहतील.”

“मग तुम्हीच मोठ्यानं बोला ना.”

मोठ्यानं बोला. हे शब्द मी शेजारच्या दॉन सिप्रियानोला सांगितले. दॉन सिप्रियानो रेल्वेत गार्ड होता. आमच्या गावची रेल्वे कधीच बंद पडली, पण दॉन सिप्रियानोचा सल्ला अजून वेळेवर सुटतो.

“परवाना काढ,” तो म्हणाला. “दुपारी आवाज करण्याचा. कागद हातात असला की कुणाची हिंमत नाही.”

“असा परवाना मिळतो?”

“मागितल्याशिवाय कसा मिळेल?”

ह्या बिनतोड युक्तिवादानं मी नगरपालिकेत गेलो. तिथल्या कारकुनानं माझं म्हणणं फार आदरानं ऐकून घेतलं, आणि आदर जसजसा वाढत गेला तसतशी माझी आशा कमी होत गेली.

“अडचण अशी आहे, दॉन निकानोर,” तो म्हणाला. “आवाज किती होणार हे आमच्या निरीक्षकानं जागेवर येऊन ऐकायला पाहिजे. ज्या वेळी होणार त्याच वेळी.”

“मग पाठवा त्यांना दुपारी.”

“दुपारी ते झोपतात.”

“उठवा.”

“त्यांना उठवायचं म्हणजे आवाज करावा लागणार. त्याला परवाना लागतो.” त्यानं हळहळून मान हलवली. “शिवाय खरं सांगू का? मी नकार दिला तरी तो माझा नकार नाही.” आणि त्यानं मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं माझंच चित्र चिकटवलेलं. हवालदार सोसिएगो, बूट काखेत, बोट ओठांवर. “त्यांना काय वाटेल?”

स्वतःच्याच पात्रानं सरकारी कचेरीतून घालवून दिलेला लेखक ह्या भूतलावर मी एकटाच असेन. बाहेर पडताना मी त्या चित्राकडे रागानं पाहिलं. मिशी मात्र चांगली काढली होती मी.

शेवटी तोडगा काढला तो समोरच्या दोन्या एदुविहेसनं. ती विधवा आहे, पण नवऱ्याच्या आठवणीपेक्षा गल्लीची काळजी तिला जास्त असते.

“दुपारी नको. सकाळी कर,” ती म्हणाली. “जेवणाच्या आत आटपेल.”

“सकाळी गल्लीत गोंगाट असतो, दोन्या.”

“गोंगाट कोण करतं? आपणच ना? मग सगळ्यांना तुझ्या अंगणात बोलावू. सगळे इथं बसले की तिकडे आवाज करायला उरलं कोण?”

हे मला त्या क्षणी पटलं. उन्हाचा परिणाम असावा.

शुक्रवारी सकाळी सगळी गल्ली आपापल्या खुर्च्या घेऊन अंगणात आली. कुणी चिपाकोचे पाव आणले, कुणी कलिंगड. चित्रपट माझ्याखेरीज कुणीच पाहिलेला नव्हता, कारण आमच्या सिनेमागृहात आता टायर विकतात. मी अल्गारोबोखाली टीव्ही मांडला, माइक लावला, सगळ्यांना हात जोडून गप्प बसायला सांगितलं. ते गप्प बसलेही. तेवढ्यात कोपऱ्यावरचा न्हावी आला. आता आलेल्या माणसानं प्रत्येकाच्या गालाला गाल लावल्याशिवाय बसायचं, ही गोष्ट आमच्याकडे बसत नाही. तो सगळं अंगण फिरला. बसला. मी बटण दाबणार, तर न्हाव्याची बायको. ती फिरली. मग तिची बहीण, आणि बहिणीला पाहून दोन्या एदुविहेसच्या लक्षात आलं की आपण मघाशी न्हाव्याच्या बायकोला एकाच गालावर भेटलो, म्हणून तीही पुन्हा उठली. एकेका माणसानं चित्रपट पुढे ढकलत नेला. मी सुरुवात केली तेव्हा झाडाची सावली खोडाशी येऊन चिकटली होती.

“नमस्कार,” मी माइकमध्ये म्हणालो. “मी निकानोर विल्याफान्ये. सर्वप्रथम मी आपले आभार मानतो.”

इथं माझा घात झाला. येर्बाच्या चहाचा तुंबा नुकताच फिरायला लागला होता, गरम पाण्याची किटली दोन्या एदुविहेसच्या हातात होती, आणि तुंबा फिरत असताना जो आभार मानतो त्याला आता नको असतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. तिनं मान डोलावली आणि मला वगळलं. पुढं सगळा चित्रपट तो तुंबा माझ्या नाकासमोरून डावीकडून उजवीकडे गेला. प्रत्येकजण नळीनं शेवटचा घोट ओढताना खुर्रर्र असा आवाज करी, आणि मी कोरड्या घशानं देशाशी बोलत होतो.

बोलत होतो म्हणजे, तोंड उघडत होतो.

“हा कोण?” दोन्या एदुविहेसनं विचारलं.

“हाच हवालदार,” मी म्हणालो.

“ह्याचं पोट कुठाय?”

“राजधानीत काढून टाकलं,” दॉन सिप्रियानो म्हणाला.

“आणि ही उघड्या पाठीची बाई? हिचं काय काम गावात?”

“ही माझ्या कथेत नाही,” मी माइककडे वळून गंभीरपणे म्हणालो. “प्रेक्षकहो, मूळ कथेत ह्या जागी एक बोकड आहे.”

“बोकडच बरा होता,” न्हावी म्हणाला. “त्याच्या अंगावर निदान केस होते.”

“ती त्याचा मुका घेतेय बघा. निकानोर, तुझ्या हवालदारानं कधी मुका घेतला होता?”

“कधीच नाही, दोन्या.”

“देओलिंदा, खरं का गं?”

“ह्याला काढायला यायचं नाही,” देओलिंदा म्हणाली. “दोन तोंडं जवळ आली की दोघांनाही मिशा काढतो हा.”

सगळं अंगण हसलं. माझ्या लेखकपणाच्या ज्या दोन-तीन चिंध्या उरल्या होत्या, त्यांनी मी तोंडावरचा घाम पुसला. बूट आणि फटफटीबद्दल पाठ केलेलं भाषण मी चारदा सुरू केलं आणि चारही वेळा कलिंगडाची फोड माझ्या हातात आली. मग मी ते सोडून दिलं. मनाशी म्हटलं, निकानोर, फक्त शेवट सांभाळ.

मधेच केव्हातरी मला जाणवलं की कुणी काही विचारत नाहीये.

पडद्यावर फटफटीचा पाठलाग चालू होता. गोळ्या, धूर, काचा. आणि अंगणात उन्हानं भिंतीवरून उतरून सगळ्यांच्या पायांशी पथारी टाकली होती. जेवणाची वेळ टळून गेली होती, कलिंगड पोटात उतरलं होतं, आणि दुपार, आमची दुपार, परवाना वगैरे न काढता आली होती. पहिला दॉन सिप्रियानो गेला. मग न्हावी, मग त्याची बायको, मग तिची बहीण, जणू कुणी खुर्च्यांवरून हात फिरवत एकेक दिवा मालवत होतं. दोन्या एदुविहेस किटली मांडीवर घेऊन झोपली. कुणाचं घोरणं जाडं, भोपळ्यासारखं. कुणाचं शिळेसारखं बारीक. वर झाडात कोयुयो, खाली हे. जगाच्या अंतापर्यंत गोळ्या झाडा, एकाची पापणी हलणार नव्हती.

देओलिंदाचं डोकं माझ्या खांद्यावर येऊन टेकलं होतं.

आणि नेमका तो शेवटचा रस्ता आला. संगीत थांबलं. नुसती धूळ. हीच ती जागा. आता मोठ्यानं बोलायचं, म्हणजे तिला उठवायचं. पहाटेपासून भट्टीशी उभी राहून तिनं सगळ्या गल्लीसाठी एम्पानादा केले होते. तिच्या कपाळाला पीठ तसंच होतं, आणि श्वास घेताना तिच्या ओठांतून तो बारीक सूर निघत होता, घडा भरत आल्यावर निघतो ना, तसा.

मी माइक अगदी तोंडाशी धरला आणि जेवढ्या हळू म्हणता येईल तेवढ्या हळू म्हणालो,

“उन्हा रे दादा उन्हा, नको वाजवू पाऊल,
गाव निजलं गं सारं, त्याला लागेल चाहूल.

हे आणि हवालदाराचं प्रत्येक गाणं देओलिंदा पाएसचं आहे. देओलिंदा पाएस. माझी बायको.”

चित्रपट संपला. कुणीच उठलं नाही. मग मीही झोपलो.

सोमवारी लुक्रेसियाचा फोन आला. मी मनाची तयारी करूनच उचलला.

“उस्ताद, दिग्दर्शक फार चिडलेत. म्हणतात, माझ्या पाठलागावर अख्खं गाव घोरतंय.”

“मग आता फटफटीवाला बोलणार?”

“नाही हो. आम्ही ते स्टुडिओत लावलं आणि ध्वनिमुद्रक झोपला. मग मी झोपले. उठलो ते संध्याकाळी. कितीतरी वर्षांत मी अशी झोपले नव्हते, मूळची मी कातामार्काची, तिथंही दुपारी गाव निजतं.” तिचा आवाज जरा ओला झाला, मग लगेच कोरडा. “तेव्हा ते ठेवायचं ठरलंय. फक्त ज्यांचे आवाज आहेत त्या सगळ्यांची संमती हवी. सही करून.”

मला वाटलं, हे तर सोपं आहे. मी पुन्हा एकदा साऱ्या गल्लीच्या गालाला गाल लावत निघालो.

“बोलणं माझं,” दोन्या एदुविहेस म्हणाली आणि सही केली. “घोरणं माझं नाही. मी डोळे मिटून ऐकत होते. घोरत सिप्रियानो होता.”

“मी?” दॉन सिप्रियानो म्हणाला. “उभी हयात रेल्वेत गेली माझी. रेल्वेतला माणूस झोपतो का कधी? न्हाव्याला विचार.”

न्हाव्यानं सांगितलं की आमच्या घराण्यात घोरणं नाही. त्याच्या बायकोनं सांगितलं की आहे, पण त्या दिवशी नव्हतं. म्हणजे तुस्काल गाव भर अंगणात घोरलं होतं आणि त्यात तुस्कालचं एकही माणूस सामील नव्हतं. तेव्हा मी लुक्रेसियाला फोन केला आणि जड मनानं म्हणालो, “सगळं घोरणं माझं समजा.”

“सगळं? ते भोपळ्यासारखंही?”

“तेही. शिळेसारखंही.”

म्हणजे त्या चित्रपटाला जो एकटा माणूस शेवटपर्यंत जागा राहिला, तोच आता देशाच्या इतिहासात झोपलेला म्हणून राहणार होता. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं पुन्हा फोन.

“उस्ताद, वकील एक अडचण काढतायत. अगदी शेवटी तुम्ही बोलताय, आणि त्याच वेळी कुणीतरी घोरतंय. माणूस एकाच वेळी बोलेल आणि घोरेल कसा? तो बारीक सूर कुणाचा आहे?”

मी देओलिंदाकडे पाहिलं. ती पीठ मळत होती.

“कुणाचा आहे?” तिनं विचारलं.

आता सांगण्यावाचून मार्ग नव्हता. मी तिला बसवलं आणि ध्वनिमुद्रणाचा शेवट ऐकवला. कोयुयो, गोळ्या, भोपळा, शीळ. मग माझी कुजबुज. मग तिचं नाव. एकदा, आणि पुन्हा एकदा. आणि दोन्ही वेळा नावाला चिकटून तो सूर.

तिनं पिठाचे हात तसेच धरून ऐकलं.

“हे गाळता येत नाही?” तिनं विचारलं.

“सूर गाळला तर नावही जातं. दोन्ही एकमेकांत विणलं गेलंय म्हणतात. तू नको म्हणालीस तर दोन्ही काढतील. तू सांग.”

“पुन्हा लाव.”

मी पुन्हा लावलं. ह्या वेळी ती डोळे मिटून ऐकत होती, आणि दुसऱ्या ओळीला तिच्या कपाळावर आठी पडली.

“‘गाव निजलं गं सारं’?”

“हो.”

“मी असं म्हटलं होतं?”

“म्हणजे, साधारण असंच ना?”

“‘तान्हं निजलं गावाचं.’ आपली तान्ही रोसेंदा तापातून उठून पहिल्यांदा शांत झोपली होती आणि दारात ऊन आलं होतं. तेव्हाची ओळ आहे ती. गाव झोपलं तर ऊन कशाला दबकेल? गाव रोजच झोपतं. एक तान्हं झोपलंय म्हणून ते दबकतं.” तिनं हात झटकले, पीठ उन्हात उडालं. “त्या माणसानं तुझ्या हवालदाराला बूट घातले तर तू सणावारीसुद्धा तोंड पाडून बसलास. आणि माझं तान्हं उचललंस पाळण्यातून, ते कळलंसुद्धा नाही तुला.”

मी मान खाली घातली. नवरा म्हणून थोडी, आणि दुसऱ्याच्या कलाकृतीची वाट लावणारा राजधानीतला माणूस म्हणून पूर्ण.

“मग नको म्हणून सांगू त्यांना?” मी विचारलं.

“घोरणं माझं आहे म्हणून सांग. सही करते मी. माझं घोरणं दुसऱ्याच्या नावावर खपवून घेणार नाही मी.” तिनं एप्रनला हात पुसले आणि खुर्ची माइकसमोर ओढली. “पण आधी हे चालू कर.”

“काय बोलणार आहेस?”

“तू त्यांच्या चित्रपटावर बोललास ना? मी तुझ्या बोलण्यावर बोलते.”

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी घाईघाईनं म्हणालो, “अगं, दुपार आहे. हळू.”

“झोपू देत त्यांना,” देओलिंदा म्हणाली, घसा साफ केला आणि पार नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली, “नमस्कार. मी देओलिंदा पाएस. आता पहिल्यापासून सांगते, ह्यानं कुठं कुठं चुका केल्यात.”